पोडियमवरचं जुनं टर्फ: शेवाळ, उखडलेले जोड आणि तोंडावर आलेला गणपती

मंजिरी_बावधन

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीत पार्किंगच्या छतावर, म्हणजे पोडियमवर, मुलांना खेळायला टर्फ, म्हणजे प्लॅस्टिकची हिरवळ आहे. साधारण साठ बाय चाळीस फूट. बिल्डरने ताबा देतानाच घातलेलं, आता त्याला आठ-नऊ वर्षं झाली. पाती ५० मिलिमीटरची, खाली वाळू, वर काळे रबराचे दाणे. एका बाजूला बी विंग, दुसऱ्या बाजूला क्लबहाउस. त्या दोघांच्या बेचक्यातल्या कोपऱ्यात जून ते सप्टेंबर ऊन म्हणून पडत नाही.

तर त्या कोपऱ्यात शेवाळ धरलंय. वरून हिरवंच दिसतं, त्यामुळे पाय घसरेपर्यंत कळत नाही. मागच्या आठवड्यात दहावीतला एक मुलगा पडला आणि मनगट प्लास्टरमध्ये गेलं. शिवाय टर्फच्या पट्ट्यांमधले दोन जोड उघडलेत. त्यातला एक मागच्या पावसाळ्यात वॉचमनकडून रबर सोल्युशनने चिकटवून घेतला होता, तो दिवाळीपर्यंतही टिकला नाही. आणि खिडकी उघडली की ओल्या पोत्यासारखा कुबट वास येतो.

समितीत दोन तट आहेत. एक म्हणतो सगळं काढून नवं टाका (कोटेशन सव्वादोन लाखांच्या पुढे). दुसऱ्या तटाने एक माणूस गाठलाय, तो म्हणतो ॲसिड मारून एका दिवसात चकाचक करून देतो. दोघांनाही ते गणपतीच्या आत हवंय, कारण मांडव तिथेच पडतो. मी सभेत एवढंच म्हटलं की ॲसिड मारण्याआधी कुणाला तरी विचारू या. आपल्याकडे सभेत तोंड उघडलं की काम गळ्यात पडतं, तसं पडलं. कुणाला प्रत्यक्ष अनुभव असेल तर सांगा. बदलायचं की दुरुस्त करायचं, ते कशावरून ठरवायचं?

खडूस_पुणेकर

उपटून फेका. पोडियमवर प्लॅस्टिकची हिरवळ अंथरायची, तिला पाणी द्यायचं नाही, खत द्यायचं नाही, आणि मग तिच्यावर शेवाळ उगवलं की आश्चर्य करायचं! एप्रिलमध्ये दुपारी त्यावर अनवाणी उभं राहून दाखवा, मग पुढचं बोलू.

धायरीकर

खडूसरावांचं एप्रिलचं म्हणणं खरं आहे, भर दुपारी टर्फ साठ अंशांच्या वर जातं. पण ताईंनी विचारलंय ते ऑगस्टचं.

माझं धायरीला बॉक्स क्रिकेटचं टर्फ आहे, तासावर भाड्याने देतो. सिंहगड रोडच्या दोन-तीन सोसायट्यांची दुरुस्तीची कामंही करतो. तेव्हा थोडं सविस्तर लिहितो.

पहिलं, ॲसिडवाल्याला गेटवरूनच परत पाठवा. पात्या पॉलिथिलीनच्या असतात, त्यांना ॲसिडने काही होत नाही. म्हणून तो माणूस छातीठोकपणे सांगतो. पण पात्या ज्यात शिवलेल्या असतात त्या कापडाच्या मागे लॅटेक्सचा थर असतो (हे सगळं मिळून बॅकिंग) आणि त्या लॅटेक्समध्ये चुनखडीची भुकटी भरलेली असते. ॲसिड खाली उतरलं की ते चुनखडी खातं. त्याखालचं तुमचं सिमेंटचं कोबाकामही खातं. वरून टर्फ चकाचक दिसेल आणि दिवाळीनंतर पात्या मुठीने हातात येतील. आणि आधी कुणी ब्लीचिंग मारलं असेल आणि त्यावर ॲसिड पडलं, तर क्लोरीन वायू सुटतो. बाजूला मुलं असतात, हे समितीला सांगाच.

आता बदलायचं की नाही. हे वरून रंग बघून ठरवू नका. तीन गोष्टी बघा.

एक, सावलीतली नव्हे, उन्हातली पाती दोन बोटांत धरून चुरगाळा. बोटाला हिरवी भुकटी लागली किंवा पाती तुटली, तर उन्हाने प्लॅस्टिक मेलंय. त्याला औषध नाही.

दोन, पात्यांचा एक झुबका चिमटीत धरून सरळ वर ओढा. जोर लावूनही येत नसेल तर बॅकिंग शाबूत. सहज आला तर त्या भागाचं बॅकिंग ओलीने कुजलंय. कोपऱ्यात एक, मध्ये एक, गोलपोस्टपाशी एक असं करून बघा. सगळीकडे सारखं नसतं.

तीन, घरात विणकामाची सुई असेल तर तिच्यावर पेनने खूण करून ती दाण्यांत सरळ खुपसा, खाली टेकेपर्यंत. ५० मिलिमीटरच्या टर्फला वाळू-दाणे मिळून तीस-पस्तीस मिलिमीटर असायला हवेत, वर पंधरा-वीस मिलिमीटर पाती दिसली पाहिजे. जिथे मुलं गोलकीपिंग करतात किंवा बॅटिंगला उभी राहतात तिथे वीसच्या आसपास भराल, पैज लावतो. दाणे निघून गेले की पाती आडवी पडते, आडवी पडली की मधून फाटते. लोक याला टर्फ झिजलं म्हणतात. झिजलेलं नसतं, उपाशी असतं.

सुई जाताना कटकट अडली, किंवा ठोकून घालावी लागली, तर दाणे घट्ट बसलेत. धूळ, पानांचा भुगा, बुटाची माती, तुटलेल्या पात्या हे सगळं वाळूत जाऊन थर धरतं. पाणी खाली जात नाही, वरच्या वर राहतं. आणि शेवाळ प्लॅस्टिकवर नाही उगवत ताई, ते या घाणीवर उगवतं. तुमचा वासही तोच.

हे बघून कळवा, मग पुढचं सांगतो. एक मात्र आत्ताच सांगतो, जोड गणपतीआधी चिकटवू नका. कुणी फुकट करून दिला तरी नको.

मंजिरी_बावधन

धायरीकरदादा, खूप आभार. आज दुपारी पाऊस थांबल्यावर सुई घेऊन उतरले. (दोन आज्यांनी विचारलं, नातवासाठी काय विणतेयस.)

उन्हातली पाती चुरगाळली, भुकटी नाही. रंग उतरलाय पण लवचीक आहे. झुबका मधल्या भागात अजिबात येईना, बोटं दुखली. गोलपोस्टपाशीही येईना. बेचक्यातल्या कोपऱ्यात मात्र तिसऱ्या झटक्याला आख्खा झुबका मुळासकट हातात आला आणि त्याच्या बुडाशी पिठासारखं पांढरट काहीतरी होतं. साधारण आठ बाय सहा फुटांचा तो तुकडा तसाच आहे.

सुई: मध्ये तीस, गोलपोस्टपाशी अठरा. कोपऱ्यात तर सुई जाईचना. तिथला जोड आधीच उघडा होता, तो थोडा उचलून पाहिला. खाली काळा गाळ, त्यात गांडुळं! प्लॅस्टिकच्या टर्फखाली, दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर गांडुळं कशी येतात हे मला कुणीतरी सांगा.

जुना_ओव्हरसियर

गांडुळं कुंड्यांतून येतात. कडेच्या प्लांटर बॉक्सचं पाणी टर्फखाली उतरत असणार.

मी सरकारी बांधकामात नोकरी केली, टर्फमधलं मला कळत नाही. स्लॅबमधलं कळतं. तेव्हा आधी मला सांगा, त्या कोपऱ्याच्या बरोबर खाली पार्किंगमध्ये कुणाची गाडी उभी असते, आणि तिच्या टपावर पांढरे, न निघणारे डाग पडतात का? छताला चुन्याचे बारीक लोलक धरलेत का?

असतील तर वरच्या वॉटरप्रूफिंगमधून पाणी झिरपतंय. पाणी काँक्रीटमधला चुना विरघळवून खाली आणतं. मग सव्वादोन लाखांचं नवं टर्फ त्याच ओल्या बुडावर टाकून उपयोग शून्य. तेही दोन-तीन पावसाळ्यांत कुजेल आणि स्लॅबच्या सळया गंजतील त्या वेगळ्याच.

पाणी कुठे थांबतं ते शोधायला इंजिनिअर लागत नाही. मोठी सर येऊन गेली की अर्ध्या तासाने अनवाणी टर्फवर चाला. जिथे पाऊल टाकल्यावर पाणी वर येतं तिथे विटेचा तुकडा ठेवत जा. शेवटी विटांची जी आकृती होईल, तो तुमचा खळगा. पोडियमला शंभरास एक तरी उतार हवा, म्हणजे तुमच्या चाळीस फुटांत जवळपास पाच इंच. दोरी आणि पाण्याची नळी लावून मोजा.

त्याआधी पावसाच्या पाइपचं तोंड उघडून बघा. जाळीवर काळे दाणे साचलेले असणार. टर्फचे दाणे वाहत जातात ते तिथेच.

कुणी म्हणेल की पाणी जायला स्लॅबला चार भोकं पाडू. पाडू देऊ नका. टर्फच्या कडेला खिळे ठोकायचीही पद्धत आहे, ती जमिनीवर ठीक. पोडियमवर प्रत्येक खिळा म्हणजे वॉटरप्रूफिंगला भोक.

मंजिरी_बावधन

काका, बी-१४ ची पांढरी सेडान! तिचे मालक दोन वर्षं सोसायटीला पत्रं लिहीत आहेत की गाडीवर "कबुतरांची घाण" पडते. कबुतरांसाठी जाळी लावून झाली. खाली जाऊन पाहिलं तर छताला बोटभर लांबीचे लोलक आहेत.

पाइपची जाळी काढली. तळहात बुडेल इतके दाणे निघाले, चांगली बादलीभर. ते काढल्यावर संध्याकाळच्या सरीत फरक डोळ्यांना दिसला. कोपरा अजून ओला आहे, पण तळं झालं नाही.

धायरीकर

ते दाणे टाकून देऊ नका! धुवा, ताडपत्रीवर वाळवा, चाळणीने चाळा. तेच गोलपोस्टपाशी भरायचे आहेत. फुकटचा माल आहे.

तुमच्या वर्णनावरून सांगतो, टर्फ बदलायची गरज नाही. कोपऱ्यातला आठ बाय सहाचा तुकडा गेला, बाकीचं अजून चार-पाच वर्षं ओढेल, पाणी काढलंत तर. पण काम दोन टप्प्यांत करा. आत्ता फक्त सफाई. चिकटवणं नोव्हेंबरात.

सफाई अशी. आधी कोरडा दिवस बघून कोपऱ्यातलं शेवाळ प्लॅस्टिकच्या खुरप्याने किंवा जुन्या पट्टीने खरवडून गोळा करा. लगेच पाणी मारू नका, पाण्याने ते सगळीकडे पसरतं. मग औषध. केमिकलच्या दुकानात बेंझाल्कोनियम क्लोराइड मागा, ५० टक्क्यांचं मिळतं. १ लिटर औषध ५० लिटर पाण्यात. झारीने घाला, पंपाने फवारू नका, तोंडावर येतं. हातमोजे, चष्मा. रात्रभर पाऊस नसेल असा दिवस निवडा (ऑगस्टात हे लॉटरीसारखं आहे, माहितीये). दुसऱ्या दिवशी शेवाळ तपकिरी पडतं, मग नायलॉनच्या ताठ ब्रशने पात्या झुकल्यात त्याच्या उलट दिशेने झाडायचं. तारेचा ब्रश नको, पाती चिरते. एका वेळेत जात नाही, पंधरा दिवसांनी परत. पूर्ण वाळेपर्यंत मुलं आणि कुत्री लांब ठेवा. आणि औषधाचं पाणी पावसाच्या पाइपमध्ये सोडू नका, बावधनचं पावसाचं पाणी शेवटी रामनदीत जातं आणि हे औषध माशांना घातक आहे. झारीने घातलं तर तेवढं वाहतही नाही.

प्रेशर वॉशर कुणी आणला तर लांबून, रुंद फवाऱ्याने, तिरका. जवळून मारलात की दाणे उडून पुन्हा पाइपात.

रोजची काळजी म्हणाल तर फार काही नाही. पानं ब्लोअरने उडवा, ओली असताना खराट्याने ओढू नका. आठवड्यातून एकदा ताठ ब्रश उभा-आडवा. माझ्याकडे पोरं मॅच संपल्यावर सुतळीला बांधलेला जुना काथ्याचा पायपुसणा ओढत एक चक्कर मारतात, दाणे सारखे होतात. एवढ्याने अर्ध्या दुरुस्त्या टळतात.

घट्ट झालेला कोपरा तर काढायचाच आहे. गोलपोस्टपाशी मात्र भर घालताना बांधकामाची वाळू घालू नका. तिच्यात माती असते आणि क्रश सँडचे दाणे धारदार असतात. धुतलेली, गोल दाण्यांची सिलिका सँड घ्या, २०/४० मेश म्हणून सांगा. पूर्ण कोरडी हवी. आणि एकदम ओतायची नाही. मुठीने पातळ पसरायची, ब्रश मारायचा, परत पसरायची. पाती वाळूखाली गाडली गेली की परत उभी राहत नाही.

आता जोड का नको पावसाळ्यात. चांगला गम दोन भागांचा असतो, पॉलियुरेथेनचा. तो ओलाव्याशी भांडतो. बुडाला किंवा बॅकिंगला दमटपणा असेल तर आत गॅसचे बुडबुडे होतात, गम फेसासारखा फुगतो आणि सुकल्यावर बिस्किटासारखा तुटतो. वरून चिकटल्यासारखं वाटतं, पोरांनी दोन वेळा वळण घेतलं की निघतं. आपल्याकडे जुलै-ऑगस्टात हवाच ऐंशी टक्क्यांच्या वर दमट असते, टर्फखालची तर विचारू नका. मुंबईवाले यात आपल्यापेक्षा जास्त रडतात, आपल्याला निदान कोरडा हिवाळा मिळतो. तो वापरा.

नोव्हेंबरात सकाळी जोड दोन्ही बाजूंनी हातभर उलगडायचा, दगड ठेवून उघडा ठेवायचा, ऊन लागू द्यायचं. संध्याकाळी बुडावर प्लॅस्टिकचा चौकोन चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून ठेवा. सकाळी आतून घाम धरला असेल तर अजून ओल आहे, थांबा. कोरडा निघाला तर कामाला लागा.

जुना गम, जुनी टेप, माती सगळं खरवडून काढा. एक फूट रुंदीची जॉइंट टेप खाली, तिच्यावर दातेरी पत्र्याने गम पसरायचा. लोक गम ओततात, मग तो पात्यांतून वर येतो आणि कडक काटे होतात. दोन्ही कडा ठेवताना पात्यांवर बोट फिरवून आत अडकलेली प्रत्येक पाती बाहेर काढायची. एक जरी पाती गमात दबली तरी जोडाची रेघ दिसते. कडांमधलं अंतर टर्फच्या शिवणीच्या दोन ओळींत असतं तेवढंच. मग वर वाळूच्या पिशव्या, एक दिवस. खेळ दोन दिवसांनी.

पॅचला नवं टर्फ आणलंत तर नव्या नऊवारीला जुनं ठिगळ लावल्यासारखं दिसेल, फक्त उलटं. त्यामुळे क्लबहाउसच्या भिंतीलगत, जिथे कुणी खेळत नाही, तिथला चांगला तुकडा कापून कोपऱ्यात लावा आणि नवा तुकडा भिंतीलगत घाला. कापताना उलट्या बाजूने, शिवणीच्या दोन ओळींच्या मधून. पात्यांची झुकण्याची दिशा सगळीकडे एकच ठेवा. हे चुकलं तर उन्हात तो चौकोन वेगळ्या रंगाचा दिसतो आणि मग समिती रोज तुम्हाला ऐकवेल.

जुना_ओव्हरसियर

धायरीकरांनी छान लिहिलंय. फक्त क्रम लक्षात ठेवा. कोपरा उचललात की आधी प्लांटरची गळती, मग कोबा दुरुस्ती आणि वॉटरप्रूफिंग, मग पाणी भरून चाचणी, आणि शेवटी टर्फ. जमलं तर त्या भागात टर्फखाली ड्रेन सेल टाका. प्लॅस्टिकच्या जाळीदार पाट्या असतात, वर जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं कापड. पाणी त्याखालून वाहतं, टर्फचं बूड कोरडं राहतं. मात्र तेवढ्याच भागाला टाकलं तर वीस-तीस मिलिमीटरची पायरी होईल. कोबा तेवढा खाली घ्यावा लागेल, नाहीतर दुसरं मनगट प्लास्टरमध्ये.

हॉकीवेडा

पाणी म्हणजे टर्फचा शत्रू असं कुणी समजू नये म्हणून थोडं अवांतर. १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर गेली आणि त्यानंतर मोठ्या स्पर्धांच्या मैदानांवर मॅचआधी मुद्दाम पाणी मारायची पद्धत पडली. पिंपरीत नेहरूनगरच्या हॉकी मैदानावर बघितलं असेलच. पण त्या मैदानाची पाती आखूड, दाट, वाळू-दाणे नाहीत, आणि पाणी पडतं तसं वाहूनही जातं. साचलेलं पाणी आणि मारलेलं पाणी यात फरक आहे.

खडूस_पुणेकर

मुद्दे पटले, तरी एक काडी टाकतोच. युरोपियन युनियनने २०२३ मध्ये सूक्ष्म प्लॅस्टिकवर बंधनं आणली, त्यात टर्फचे हे काळे दाणेही आलेत. २०३१ नंतर तिथे ते विकताच येणार नाहीत. तुमच्या पाइपातून बादलीभर दाणे निघाले, न निघालेले कुठे गेले? रामनदीत. पाइपच्या तोंडाला बारीक जाळीची काढता-घालता येणारी पेटी बसवा आणि पुढच्या वेळी बदलाल तेव्हा दाण्यांशिवाय चालणारं, आखूड-दाट टर्फ घ्या. मुलांना कितीसं फुटबॉल खेळायचंय साठ बाय चाळीसमध्ये.

मंजिरी_बावधन

पेटीची कल्पना आवडली, वेल्डरला सांगितलंय. ॲसिडवाला रद्द. समितीला छताचे लोलक दाखवल्यावर नव्या टर्फचं कोटेशनही बाजूला पडलं, आता वॉटरप्रूफिंगची तीन कोटेशनं मागवतोय. बी-१४ ने "मी म्हणतच होतो" असं ग्रुपवर टाकलंय. म्हणत कबुतरं होते, असो.

कोपऱ्याला दोरी बांधून तो बंद केलाय. औषधाचा पहिला हात परवा मारला, शेवाळ खरंच तपकिरी पडलं.

एकच राहिलं. मांडव. मंडपवाला म्हणतो बांबूला आधार म्हणून टर्फमध्ये चार-चार इंच खुंट्या ठोकतो, "दरवर्षी ठोकतो". दरवर्षी!

धायरीकर

तुमचे निम्मे लोलक त्याचे आहेत, ओव्हरसियरकाकांना विचारा.

खुंटी एकही नको. पत्र्याच्या ड्रममध्ये वाळू भरून त्यात बांबू उभे करायला सांगा, ड्रमखाली प्लायचा तुकडा, म्हणजे काठ पात्यांत रुतणार नाही. ड्रम शक्यतो कॉलमच्या डोक्यावर येतील असे ठेवा. स्टेजखालीही प्लाय. आरतीच्या जागी, निरांजन आणि कापूर असतो तिथे, साधी सतरंजी पुरणार नाही, फरशीचे तुकडे मांडा, पॉलिथिलीन सव्वाशे अंशांच्या आसपासच वितळतं. आणि विसर्जन झालं की त्याच संध्याकाळी सगळं उचलायला लावा. ओल्या टर्फवर प्लाय आठवडाभर पडून राहिला तर त्याच्याखाली तुमचा नवा कोपरा तयार.

जुना_ओव्हरसियर

ड्रम कॉलमवर घेण्याबाबत सहमत. वाळू भरलेले ड्रम, स्टेज आणि आरतीची गर्दी असं सगळं एका पॅनेलवर, म्हणजे चार कॉलममधल्या स्लॅबवर, येऊ देऊ नका. पोडियमचा स्ट्रक्चरल नकाशा सोसायटीच्या कपाटात असेल, त्यावर अनुमत भार लिहिलेला असतो. तो बघून मग मंडपवाल्याला जागा आखून द्या.